वांग्याच्या बियांसाठी भांडण

खाली नलवड्यांचं भांडण सुरू झालं की वर खटावकर बाईंच्या स्वयंपाकघरातली फरशी अठ्ठावीस अंशांपर्यंत तापायची, आणि वांग्याच्या बियांना उगवायला नेमकी तेवढीच ऊब लागते. म्हणून त्या डिसेंबरात बाईंनी रोपांचा ट्रे थेट फरशीवर ठेवला. साताऱ्याच्या थंडीत दुसरी सोय नव्हती.

शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या बाई एकट्या राहायच्या आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. ट्रेमध्ये माहेरच्या काटेरी वांग्याच्या एक्केचाळीस बिया होत्या. भावाने मळा विकला, नव्या मालकाने तिथे मंगल कार्यालय बांधलं, त्यामुळे ते वांगं जगात आता एवढंच उरलं होतं. बी पाच वर्षांचं जुनं. यंदा नाही उगवलं तर कधीच नाही, या विचाराने बाईंचा जीव टांगणीला लागला होता.

पहिले पाच दिवस छान गेले. बंद पडलेली स्कूटर विकायची की ठेवायची, यावर नलवड्यांकडे जोरात चालू होतं. सहाव्या दिवशी स्कूटर विकली गेली, घरात शांतता झाली आणि फरशी अठरावर आली. बाई थर्मामीटर घेऊन खाली गेल्या.

“अजून चार दिवस लागतील,” त्यांनी नवराबायकोला सांगितलं. “एखादा विषय शिल्लक असेल तर बघा.”

हिंदुराव नलवड्यांची उभी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात गेलेली. त्यांनी आकडा वाचला, मान डोलावली. दोघं आमटीतल्या मिठावरून लगेच भांडले. बाई वर जाऊन पाहून आल्या. एकोणीस.

“नुसतं रेस करून भागत न्हाई,” हिंदुराव म्हणाले. “गाडी घाटाला लागली तरच इंजिन तापतं.”

त्यांच्या बायकोने, शालनताईंनी, जरा विचार केला. “बाई, तुमचं आमच्याशी काय भांडण न्हाई का?”

“छे, छे,” बाई सवयीने म्हणाल्या. मग त्यांना बिया आठवल्या. “माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा अख्खी बिल्डिंग भेटायला आली. तुम्ही आला नाहीत, शालनताई.”

“न्हाईच आले! संक्रांतीला वाण घेऊन आले हुते, तर तुम्ही दारातनंच घेतलं. आत या म्हणाला न्हाईत. मग कुठल्या तोंडानं येऊ?”

“घरात पसारा होता!”

“नऊ वर्षं पसाराच हाय काय?”

हिंदुराव बाईंची किल्ली घेऊन वर गेले आणि धापा टाकत खाली आले. “अठ्ठावीस! थांबू नका.”

बाई थांबल्या नाहीत. नऊ वर्षं गिळलेलं सगळं त्यांनी बोलून टाकलं आणि त्यांना फार बरं वाटलं. चार दिवस रोज संध्याकाळी सहा ते आठ असं चाललं. फरशी सकाळपर्यंत ऊब धरून राहायची. आठला शालनताई चहा टाकायच्या. तो मात्र गोडीने प्यायचा, असं ठरलं होतं.

दहाव्या दिवशी सकाळी ट्रेमध्ये तेहतीस कोंब माना वाकवून उभे होते. बाई फरशीवर बसून रडल्या, मग खाली धावल्या.

“उगवली! आता रोपं खिडकीत उन्हाला ठेवायची. यापुढे खालून ऊब मिळाली तर ती नुसती किडकिडीत वाढतील. तेव्हा भांडायची गरज नाही.”

“म्हंजे आज सहाला तुम्ही येणार न्हाई?” शालनताईंनी विचारलं.

बाई वर आल्या.

दुपारी वरच्या मजल्यावरचे गुरव दारात उभे राहिले. त्यांच्याही हातात थर्मामीटर होता.

“तक्रार नाही, बाई. पण तुमच्याकडून वर आजवर काहीच आलेलं नाही. माझं ढोबळी मिरचीचं बी आठवडाभर गार पडलंय.”

मागणी रास्त होती. किती दिवस लागतील, ते बाईंनी विचारून घेतलं आणि जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकल्या.

“शालनताई, आजपासून सहाला माझ्याकडे! दोघंही या. बारा दिवस!”

“इतकं विषय हायत का?”

“बघू की. चहा मी करणार आहे.”

“तुमच्या हातचा? मग त्याच्यावरच दोन दिवस निघतील!”

बाईंच्या घरात खुर्ची एकच होती. गुरवांनी आपल्याकडच्या दोन आणल्या, मांडल्या, आणि बियांपाशी बसायला वर निघून गेले.