लाल दोऱ्याचा महसीर

माझ्या पुतणीच्या लग्नात सुमंत सर दाराशी उभे राहिले आणि सुरुवातीच्या पाहुण्यांना हळदीचे टिळे लावून आत जाऊन बसले. लोकांना वाटलं, केवढं हे अगत्य. पहिल्या पंगतीतून सर फिरले, टिळेवाले किती, बिनटिळ्याचे किती ते पाहिलं आणि आचाऱ्याला म्हणाले, "पुऱ्या कमी तळा." पुऱ्या अर्थातच कमी पडल्या. लवकर आलेले लवकर जेवायला बसले, म्हणून टिळे जास्त दिसले आणि माणसं कमी ठरली, हे सर मला अजून समजावतात.

सर तळेगावातले माझे शेजारी, संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. जीव सगळा पवना धरणातल्या महसीर माशांत. जाळ्यात आलेल्या महसिराच्या पाठीवरच्या पंखात लाल दोरा ओवून तो जिवंत सोडायचा. पुढं जाळ्यात येणाऱ्यांत दोरेवाले किती निघतात, त्यावरून धरणात एकूण किती उरलेत याचा अंदाज बांधायचा; दोरेवाले जास्त निघाले तर एकूण मासे कमी, लग्नातल्या टिळ्यांसारखंच. दोरा सरांच्या पत्नीच्या, सुमतीकाकूंच्या, भरतकामाच्या डब्यातला. गाठही काकूच मारायच्या, सरांची पाण्यात सुटायची.

आता काकूंची स्मृती गेली आहे. त्या सरांनाच विचारतात, "आपण कोण?" तरी दर रविवारी सर त्यांना धरणाकाठी, पवनानगरला नेतात. गाडी माझी, पेट्रोल माझं, व्याख्यान त्यांचं.

यंदा महसीर दिसेचना. मासेमारी करणारे शिवाभाऊ म्हणाले, "सर, दोऱ्याचं सोडा, साधा बी घावला न्हाई. संपला म्हना आता."

"कमी म्हणा, शिवाभाऊ. शून्य म्हणू नका."

काकूंच्या डॉक्टरांनाही सर हेच ऐकवतात. डॉक्टर मान हलवतात आणि गोळ्या लिहून देतात.

गेल्या रविवारी आम्ही काठावर पोचतो तोच शिवाभाऊ पाण्याचा टप घेऊन आले. "सर, बगा कोन आलंय." टपात महसीर होता आणि त्याच्या पंखात शेवाळलेला लाल दोरा. सर मापाची पट्टी काढत होते, तेवढ्यात काकू वाकल्या. त्यांनी गाठीवर बोट ठेवलं.

"ही गाठ माझी आहे."

सरांची पट्टी हातातच राहिली. "आणि मी?"

काकूंनी त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं. "आपण कुठंतरी भेटलोय."

मासा तडफडायला लागला, तसा शिवाभाऊंनी तो हळूच पाण्यात सोडून दिला. माप घ्यायचं राहूनच गेलं. सरांनी डोळे पुसले आणि मला म्हणाले, "बघितलंत? शून्य नाही."