बाळारामकाकांचं टिकवण

बाळारामकाका चहात मीठ घालायचे. "साखर गोडी आणते गं, मीठ ती टिकवतं." आज मी कर्जतला माझा चहा करते, तरी हात मिठाच्या डब्याकडे जातो.

काकांचा उभा जन्म खोपोलीच्या एका रंगकारखान्यात गेला. माल कुणीही बनवतो, खरी अक्कल त्यात चिमटीभर काय घालायचं यात, हे ते तिथे शिकले. त्या चिमटीला ते 'टिकवण' म्हणत.

निवृत्तीनंतर शेलूच्या घरात ते काचेवर सौरपट्टी बनवू लागले. पेरॉव्हस्काइट नावाच्या पदार्थाची. स्वस्त, ऊन झकास पिते. पण दमट हवेत काळीची पिवळी पडून मरते. वर त्यात शिसं. मी तेव्हा नदीतल्या सांडपाण्यावर पत्रकं वाटत होते. सरळ दारात जाऊन म्हटलं, "काका, हे विष आहे. बंद करा, नाहीतर तुमचं नाव छापते."

"शिसं हाय, नाय कुठं म्हणतो? म्हणून तर मरू द्यायची नाय. मेली की शिसं सुटतं."

असली उत्तरं मी कारखानदारांकडूनही ऐकली होती. शेवटी पैज ठरली. दसऱ्याआधी पट्टी पिवळी पडली तर काका शिशाचा नाद सोडणार. काळी राहिली तर माझं चुकलं, असं मी छापणार. दर रविवारी पट्टी किती वीज देते तो मीटरचा आकडा मी वाचायचा आणि वहीत सही करायची.

टिकवण म्हणून त्यांनी युरिया घातला, भाताच्या गोणीतला. पट्टी आठवड्यात पिवळी. गोणीतल्या युरियाला निंबोळीचं तेल असतं, हे जन्मभर भात लावलेला माणूस विसरला.

"काचेला कीड तरी लागणार नाही," मी म्हटलं.

काका हसले नाहीत. "ही पट्टी पैजेत धरू नको. चूक माझी हाय, युरियाची नाय."

मी धरली नाही. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

शुद्ध युरिया घातलेली दुसरी पट्टी वळचणीला टांगली. श्रावण गेला, भाद्रपद गेला. भिंतीला बुरशी आली, पट्टी काळीच. दसऱ्याला आकडा जेमतेम उतरला होता. मी माफीचा मजकूर लिहूनच गेले.

काकांनी तो वाचला आणि परत दिला. "हे छापू नको. नदीचं लिव. ही अजून एक पावसाळा ठेवू."

"ठेवा की. आता आकडा तुम्हीच लिहा."

"एकट्याचा आकडा कोण मानतं गं?"

त्यांनी वही पुढे केली. पुढच्या दसऱ्यापर्यंतचे सगळे रविवार आखून झाले होते. प्रत्येकासमोर माझं नाव, आणि सहीला मोकळी जागा.