नाक धरून जेवणारे मारोतकाका

आमच्या धाकट्या मुलीच्या बारशाला मारोतकाका जेवायला बसले, पहिला घास तोंडात घातला आणि डाव्या हाताच्या चिमटीत स्वतःचं नाक गच्च धरलं. तसंच नाक धरून त्यांनी घास चावला, गिळला आणि मगच चिमटी सोडली. माझी बायको मंदा वरण वाढता वाढता जागीच थांबली. तिने आधी भांड्यात डोकावून वास घेतला, मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू वरण मीच नासवलं होतं.

"सूनबाई, वरण झकास हाय," काका म्हणाले. "पण नाक धरलं तं वरण खाऊन राहिलो का भिजलेलं पीठ खाऊन राहिलो, काई समजून न्हाई राहिलं. काहून?"

'काहून' म्हणजे 'का'. आमच्या कळमनुरीत हा शब्द सगळेच वापरतात, पण बाकीचे लोक उत्तर मिळालं की थांबतात. काका उत्तरालाही काहून विचारत. त्यांच्याशी बोलणं म्हणजे उतारावर सायकल सोडण्यासारखं होतं, एकदा सुरू झालं की कुठे थांबेल ते आपल्या हातात नसे.

काका आमचे शेजारी, भिंतीला भिंत लागून. नव्वदच्या दशकात तालुक्यातल्या लग्नांची व्हिडिओ शूटिंग तेच करत. खांद्यावर भला मोठा कॅमेरा, मागे दिवा धरलेला माणूस आणि त्या दिव्याच्या वायरीत पाय अडकून पडणारे वऱ्हाडी, असा त्यांचा थाट असे. माझ्या लग्नाची शूटिंगही त्यांचीच. त्या कॅसेटमध्ये अंतरपाट दिसतो, मंगलाष्टकं सुरू होतात आणि कॅमेरा हळूच वळून मंडपामागच्या चुलीकडे निघून जातो. माझ्या गळ्यात हार पडल्याचा पुरावा त्या कॅसेटमध्ये कुठेही नाही. पण जिलबीचं पीठ रात्रभर का ठेवतात, ते आंबतं म्हणजे नेमकं काय होतं आणि त्यात बुडबुडे कोण सोडतं, याबद्दल काकांनी आचाऱ्याची घेतलेली उलटतपासणी अथपासून इतिपर्यंत आहे. शेवटी आचारी हात जोडतो, तेही आहे. सासूबाईंचा त्या कॅसेटवरचा राग अजून गेलेला नाही. गल्लीत कोणाला जिलबी करायची असली की मात्र आमच्या लग्नाची कॅसेट मागायला येतात.

मी एकदा काकांना त्याचा जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, "हार काय, समद्यांच्याच गळ्यात पडते. जिलबी दर खेपंला येगळी फुगती."

पुढे तळहातात मावणारे कॅमेरे आले आणि लग्नं तरुण मंडळींकडे गेली. काकांकडेही तसा एक छोटा कॅमेरा होता, पण बोलावणी येईनात. त्याच सुमारास मी बसस्टँडजवळ सायबर कॅफे टाकला होता. संगणक चार, त्यातले दोन चालू. एके दिवशी काका आत आले. एक गिऱ्हाईक इंटरनेटवर कसलासा व्हिडिओ पाहत होतं, तो काकांनी त्याच्या खांद्यावरून शेवटपर्यंत पाहिला. मग माझ्याजवळ येऊन विचारलं, आपण काढलेलं पण असं दिसेल का. मी म्हटलं, दिसेल की, जगभर दिसेल.

"जगभर म्हंजे नांदेडात बी?"

"नांदेडातही."

"मंग लागू कामाला," काका म्हणाले.

अशी आमची 'काहून?' ही मालिका सुरू झाली. काका कॅमेऱ्यापुढे, मी कॅमेऱ्यामागे. काकांनी लग्नातला सफारी इस्त्री करून घातला, केसांना तेल लावलं आणि कांदा चिरायला बसले. कांदा चिरला की त्यातून वायू सुटतो, तो डोळ्यातल्या पाण्यात मिसळून झोंबतो, हे त्यांना सांगायचं होतं. ते सांगताना त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, मलाही दिसेनासं झालं आणि त्या भागात बराच वेळ फक्त छताचा पंखा दिसतो. लोकांना तो भाग फार आवडला.

आठवडी बाजारात केलेला पापडाचा भाग तर मी अजून विसरलेलो नाही. पापड कुरकुरीत आहे हे दातांना जेवढं कळतं तेवढंच कानांनाही कळतं, असं काकांचं म्हणणं. ते पटवायला त्यांनी बाजाराला आलेल्या एका सरपंचांच्या दोन्ही कानांत कापूस कोंबला आणि त्यांना पापड दिला. कान बंद असल्यामुळे सरपंच "पापड सादळला की" असं एवढ्या मोठ्याने ओरडले की पापडवाली बाई भांडायला उठली. गर्दी जमली. जो तो कापूस मागू लागला. काकांच्या अंगात वारं भरलं होतं, ते एका हाताने कापूस वाटत होते आणि दुसऱ्या हाताने मला, इकडं घे, तिकडं घे, असं खुणावत होते. त्या दिवशी बाजारात पापडाचं एक पाकीट शिल्लक राहिलं नाही आणि त्या बाईने भांडण मागे घेतलं.

मिरचीच्या भागात ते म्हणाले, तिखट ही चवच नव्हे, ती आग आहे. मी कॅमेऱ्यामागून हसलो. "हसून काहून राहिला सुधाकरा? मिरचीचा हात डोळ्याला लाव बरं. डोळ्याला काय जीभ हाय?" मी लावला नाही. मला खात्री पटली होती.

हे सगळं इंटरनेटवर चढवणं हे वेगळंच दिव्य होतं. दुपारी चढवायला लावलेला छोटासा व्हिडिओ संध्याकाळी संपत आला की वीज जायची आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. काका खुर्ची ओढून त्या पुढे सरकणाऱ्या पट्टीकडे टक लावून बसत. पट्टी पूर्ण झाली की समोरच्या टपरीवाल्याला हाक मारून सगळ्यांना चहा, पैसे मी द्यायचे.

प्रत्येक भागाच्या शेवटी ते एकच गोष्ट विचारत. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येत, नाक चिमटीत धरत आणि त्या गेंगाण्या आवाजात म्हणत, "मंडळी, नाक असं बंद असून बी ज्या घासाची मजा येईल, असा घास तुमाला ठाऊक हाय का? असंल तं खाली लिहा. लई गरज हाय."

हा घास शोधायला आम्ही किती फिरलो. नर्सीला नामदेवाचं दर्शन झालं की काका रस्त्याकडेच्या दुकानात नाक धरून पेढा खात उभे. दुकानदाराला वाटलं पेढ्यात खोट काढतायत, त्याने त्यांच्या हातातला उरलेला पेढा परत घेतला. डोंगरकडा गावात एका शेतकऱ्याने प्रेमाने केळ्यांची फणीच पुढे केली, तर काका नाक धरून म्हणाले, "नुसता गोड लगदा." खव्याची पोळी, आमरस, बासुंदी, सगळं त्यांनी नाक धरून खाल्लं आणि नापास केलं. आमरसाला नापास करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. रोज सकाळी कॅफेचं शटर वर व्हायच्या आत काका दारात हजर, "कोणी लिवलं का?" लिहिलेलं असायचं, पण कोणी समोशाची कृती मागायचं, कोणी कर्ज मिळवून देतो म्हणायचं. काकांचा चेहरा पडायचा. एका घासासाठी एवढं काय, असं मला वाटायचं आणि मी त्यांची यथेच्छ थट्टा करायचो.

दुसऱ्या एका गोष्टीवरून अख्खी गल्लीच त्यांची थट्टा करायची. त्यांची बायको, सुभद्राकाकू, म्हणजे आमच्याकडे मसाल्याचा शेवटचा शब्द. कोणाच्याही घरी लग्न निघालं की मसाला भाजायला, लोणचं घालायला काकूंनाच बोलावणं. अलीकडे काकूंबरोबर काकाही जाऊ लागले होते. बायका मसाला भाजत असताना हे कढईपाशी मुकादमासारखे उभे राहत आणि मधूनच जोरात खाकरत. घरी तर शूटिंग चालू असताना मध्येच उठून, "फोडणी टाकली वाटते," म्हणत आत पळत. काकू एवढ्या शांत बाई, पण अलीकडे वाळून काटकी झाल्या होत्या. मंदाने विचारलं तर म्हणाल्या, उपास चालू आहेत. कोणते ते सांगितलं नाही.

मग एक दिवस उत्तर आलं. कुठल्याशा दूरच्या शहरातल्या एका मराठी बाईंनी लिहिलं होतं. काका शेजारीच बसलेले, म्हणून मी उत्साहाने मोठ्याने वाचायला लागलो. 'काका, तुमच्या घरी कोणाला वास येईनासा झाला आहे? माझ्या वडिलांना येत नव्हता. त्यांनीही जेवण सोडलं होतं.' एवढं वाचून मी थांबलो. काकांनी मान खाली घातली होती.

"हळू वाच," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. आदल्या वर्षी हिवाळ्यात काकूंना मोठा ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, येईल तर येईल. दूध करपलं तरी काकूंना कळेना. खारट-आंबट जिभेला लागायचं, पण जेवण जेवणासारखं लागेना, म्हणून खाणं सुटलं. आणि कोणाला सांगायचं नाही अशी त्यांनी काकांना शपथ घातली होती. ज्या बाईचा मसाला अख्खं गाव मागतं तिला वासच येत नाही हे कळलं, तर उद्या कोण बोलावणार. मसाला उतरवायची वेळ झाली की काका खाकरायचे आणि काकू कढई खाली घ्यायच्या. गाव ज्या खाकरण्याला हसत होतं ते काकूंचं नाक होतं.

मी विचारलं की घास शोधायचा तर एखाद्या वेळी नाक धरणं समजतं, पण तुम्ही तर रोज, प्रत्येक जेवणाला धरता.

"रांधती ती," काका म्हणाले. "अन् वास मला एकट्याला येणार. चोरून खाल्ल्यावाणी वाटते रे. तिला न्हाई, तं मला तरी काहून?"

त्या बाईंनी पुढे लिहिलं होतं की चव शोधू नका. जे तोंडात वाजतं, जे गार लागतं, जे झोंबतं आणि ज्याने दात आंबतात, ते सगळं एका घासात आणा. काका खुर्चीतून ताडकन उठले. पापड वाजतो, मिरची झोंबते, हे सगळं तर त्यांनी स्वतःच जगाला ओरडून सांगितलं होतं. फक्त एका वाटीत आणलं नव्हतं. "पुसून टाक ते, सुधाकरा," जाता जाता ते म्हणाले, "तिचं नाव निघायला नगं." मी लगेच पुसलं.

तासाभरात मी कॅमेरा घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात उभा होतो, कारण शूटिंग नसेल तर काकू खाणार नाहीत असं काकांचं गणित. माठाशेजारी गार ठेवलेलं दही, त्यात कच्च्या कैरीचे बारीक तुकडे, हिरवी मिरची, मीठ. वरून तव्यावरच्या गरम ज्वारीच्या लाह्या, अगदी तोंडात जायच्या आधी. कॅमेऱ्याकडे पाहून नेहमीचं 'राम राम मंडळी' म्हणायलाही काका विसरले.

काकूंनी आमच्या समाधानासाठी म्हणून एक चमचा घेतला. लाह्या वाजल्या, मला कॅमेऱ्यामागे ऐकू आलं. कैरी दाताखाली आली तसे त्यांचे डोळे बारीक झाले. मग मिरची लागली, त्यांनी तोंडाने हवा ओढली आणि डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी दुसरा चमचा भरला, कोणी न सांगता.

काकांनी तिथल्या तिथे टाळ्या वाजवायला सुरुवात केली. साठीचा माणूस लहान लेकरासारखा उड्या मारत होता, तव्यावरच्या लाह्या सगळ्या स्वयंपाकघरभर उडाल्या, मी हसत होतो आणि माझेही डोळे भरले होते. काकू मात्र खातच होत्या. मग काकाही एक चमचा भरून त्यांच्यासमोर बसले आणि सवयीने डावा हात नाकाकडे नेला.

काकूंनी तो हात धरला आणि खाली घेतला.

"लई दिवस धरलं," त्या म्हणाल्या. "मला काय दिसत न्हाई व्हय? आता सोडा ते नाक. कैरीचा वास येऊन राहिला का?"

काकांनी मान डोलावली.

"कसा येऊन राहिला, ते सांगा मला."

जगाला कांद्यापासून पापडापर्यंत समजावून सांगणारा हा माणूस हातातला चमचा नाकाशी घेऊन बसला. मग डोळे मिटून त्याने वास घेतला. "तुझ्या बापाच्या विहिरीपाशी ते झाड होतं न," ते हळूहळू म्हणाले. "वाऱ्यानं फांदी मोडली होती, अन् तिचा चीक तुझ्या लुगड्याला लागला होता. तसा."

काकूंनी डोळे मिटले आणि रिकामी वाटी पुढे केली.

"अजून सांगा," त्या म्हणाल्या.