शेपूट जड झालंय

विमलताई साळवे माणूस भेटला की आधी त्याचं वजन सांगतात. ‘जयभीम’ किंवा ‘नमस्कार’ त्यानंतर. काटा वगैरे काही नाही. नुसतं वरून खालपर्यंत बघायचं आणि म्हणायचं, “एकाहत्तर. पिशवी खाली ठेवली तर अडुसष्ट.” माझं सोनईत औषधांचं दुकान आहे. दारात वजनाचं यंत्र आहे. ताई शेजारी राहायला आल्यापासून त्या यंत्रावर धूळ बसलेली आहे.

ताईंची सगळी नोकरी मुंबईच्या विमानतळावर झाली, तीही मालवाहू विमानांवर. कुठलं खोकं विमानात कुठं ठेवायचं, हे ठरवणं त्यांचं काम. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर आईवडिलांच्या मागं कुलूप लागलेल्या घरात परत आल्या. मुंबईत वापरलेली भाषा त्यांनी तिथंच उतरवून ठेवली असावी, कारण दुसऱ्या दिवसापासून ‘हाय’, ‘न्हाई’, ‘लई’ सुरू झालं. गावानं त्यांचं नाव विमलताईवरून विमानताई करून टाकलं. त्यांनाही ते आवडलं.

जगातल्या सगळ्या अडचणींचं मूळ त्यांच्या मते एकच आहे. वजन मागं गेलेलं असतं. “शेपूट जड झालंय,” असं निदान त्या सुनेवर रुसलेल्या सासूपासून बंद पडलेल्या मोटारसायकलपर्यंत कुणाचंही करतात. आमच्याकडे उसाच्या हंगामात ट्रॅक्टरला इतका ऊस लादतात की पुढची चाकं रस्त्याला टेकायला तयार नसतात. असा ट्रॅक्टर दिसला की ताई रस्त्याच्या मधे उभ्या राहून हात वर करतात आणि ड्रायव्हरला खाली उतरवून त्याचंच वाहन त्याला लांबून दाखवतात. आता बरेच ड्रायव्हर पाटाच्या रस्त्यानं जातात.

लग्नात फोटोला नवरीकडची मंडळी एकाच बाजूला दाटली, की ताई खालून हातवारे करून निम्म्यांना पलीकडं पाठवतात. आमच्या पुतणीच्या अल्बममध्ये नवऱ्याच्या दोन आत्या नवरीच्या मावश्यांमध्ये उभ्या आहेत. चौघींचे चेहरे बघण्यासारखे आहेत.

माझी समजूत अशी होती, की अशा जुन्या माणसांना कॉम्प्युटरचा राग असतो. ताईंचं उलटं. कॉम्प्युटरचा विषय निघाला की त्यांच्या चेहऱ्यावर लाडक्या भाच्याचा विषय निघाल्यासारखा आनंद येतो. त्याचं कारण त्या कुणालाही, न विचारता सांगतात.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्यांच्याकडं नवी पद्धत आली. कुठल्या खोक्याचं वजन किती आणि ते कुठं ठेवलं, हे भरलं की कॉम्प्युटर विमानाचा तोल काढून देई. शिवाय विमानाच्या चाकांतच वजन कळायची सोय होती. पुढच्या चाकांवर किती भार, मागच्यांवर किती, हे विमान स्वतःच सांगे. एकदा ताईंनी उभं राहून सगळा माल चढवून घेतला आणि पडदा लाल झाला. कागदावर तोल बरोबर होता, पण चाकं म्हणत होती की मागं वजन जास्त आहे. ताई भडकल्या. इतक्या वर्षांत माझं चुकलं नाही, तुझ्या चाकांतच बिघाड असेल, असं त्या पडद्यालाच म्हणाल्या. पण नियम म्हणजे नियम. माल उघडला. पुढं ठेवायची यंत्रांच्या सुट्या भागांची खोकी मागं गेली होती आणि मागची गुलाबाची फुलं पुढं आली होती. दोन्हींवर सारखंच निळं प्लास्टिक गुंडाळलेलं. विमान तसंच धावलं असतं, तर वेळेआधी नाक वर झालं असतं आणि मग ते खाली आणणं वैमानिकाच्या हातात राहिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी सगळ्यांना पेढे वाटले. एक पेढा पडद्यासमोरही ठेवला. “साहेब लोक माझी भीड धरायचे,” त्या मला म्हणाल्या. “त्यानं धरली न्हाई. म्हणून विमानातली चार माणसं सुखरूप घरी गेली.”

यंदा माझ्या मुलीला, प्राजक्ताला, राजूरच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. तिथं खोली घेतली आणि सामान न्यायला गावातल्या निवृत्तीचा टेम्पो सांगितला. निवृत्तीनं सकाळी येऊन भराभर सामान चढवलं. लोखंडी कपाट आधी उतरवायचं म्हणून शेवटी, अगदी मागच्या फळक्याला लावून ठेवलं. त्याला चिकटून बाजरीचं पोतं आणि गॅसची टाकी. दोरी आवळायला घेतली, तेवढ्यात ताई फाटकातून आल्या आणि टेम्पोभोवती एक फेरी मारली. त्या काय म्हणणार, हे गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

“ताई, हा टेम्पो हाय,” निवृत्ती काकुळतीला आला. “इमान न्हाई.”

“घाट चढताना त्याला काय फरक कळतो?” ताई म्हणाल्या.

सगळं सामान खाली आलं. ताईंनी टेम्पोच्या फळ्यांवर खडूनं रेघा मारल्या आणि कपाट पुढं, केबिनला टेकवून उभं करायला लावलं. निवृत्ती पुटपुटत होता, पण दोरी आवळून झाल्यावर त्यानं टेम्पो थोडा पुढं नेऊन बघितला, आणि उतरून येऊन दोरीची गाठ पक्की केली. मग माणसांची पाळी. प्राजक्ताला सोडायला तिची आई, निर्मला, चालली होती. ताईंनी प्राजक्ताला खिडकीशी बसवलं, तिच्या आईला मधे बसवलं आणि का, ते आकड्यानिशी मोठ्यानं सांगितलं. आमच्या घरात तो आकडा लग्नापासून वेगळा होता. गल्ली हसली, निर्मला सोडून. टेम्पो निघाला.

मी दुकानात गेलो. दुपारी प्राजक्ताचा फोन आला. घाटात मस्त वारं होतं, कपाट जागचं हललं नाही, खोलीतून डोंगर दिसतो, आई अजून गप्प आहे. मी हसत हसत घरी जेवायला निघालो. जाताना सहज ताईंच्या फाटकाशी थांबलो. त्या ओट्यावर बसल्या होत्या, पायांत चपला तशाच. बाजूला ताट झाकून ठेवलेलं.

“जेवला नाहीत अजून?” मी विचारलं.

“गेली का पोरगी नीट?”

“पोचली. आत्ताच फोन आला.”

त्यांनी मला परत एकदा सांगायला लावलं. मी घाटाचं, कपाटाचं, डोंगराचं सगळं सांगितलं.

“एवढी विमानं लावून दिली,” मग म्हणाल्या. “पोचलं, असं सांगायला कधी कुणी आलं न्हाई. न्हाई पोचलं तरच सांगतात. मी आपली दुसऱ्या दिवसाची ड्युटी लागेपर्यंत वाट बघायची. कुणी काही बोललं न्हाई, म्हणजे पोचलं.”

त्यांनी चपला काढल्या आणि ताट पुढं ओढलं. मलाही अर्धी भाकरी दिली. वजनाबद्दल काही बोलल्या नाहीत.

हे मी प्राजक्ताला फोनवर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. आता ती सुट्टीला येऊन परत गेली, की दुपारनंतर मी दुकानात फोनकडं बघत बसतो आणि फोन वाजत नाही. थोड्या वेळानं विमलताई स्वतः रस्ता ओलांडून येतात, आपला मोबाइल काउंटरवर ठेवतात, दोन्ही हात टेकतात आणि मोठ्या रुबाबात मला सांगतात, “पोचली.”