दौलतजींचं पाळणाघर

पोराचं नाव विचारायच्या आधी दौलतजी त्याचे केस हातात घ्यायचे. चार केस दोन बोटांत धरायचे, अंगठ्यानं हलकेच ताणायचे, उजेडाकडे तोंड करून डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचे, "धागा लंबा हाय. पन माल अजून कच्चा हाय. दूध वाढवा."

माझ्या सुमनला पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा ती दहा महिन्यांची होती. मी हिंगणघाटच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण, नवरा रेल्वेत. तो वर्ध्याला राहायचा आणि रविवारी उगवायचा. सासूबाईंना दिसत नव्हतं, पण सून लेकराला रुईच्या गोदामात टाकून शाळेत जाते हे मात्र त्यांना स्पष्ट दिसायचं. त्यामुळे मी आधीच रडकुंडीला आलेली. दौलतजींनी सुमनचे केस ताणले, मग तिच्या दुपट्याखाली हात घातला आणि गंभीरपणे म्हणाले, "बाकी माल एक नंबर. ओल तेवढी हाय." मला हसू आलं, आणि हसता हसता मी लेक त्यांच्या हातात कधी दिली ते कळलंच नाही.

दौलतजींचं आयुष्य जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, गेलेलं. गावोगावच्या बैलबंड्या आल्या की कापसात हात घालायचा, धागा ताणायचा आणि माल कोणत्या प्रतीचा ते सांगायचं, हे त्यांचं काम. कास्तकार त्यांच्या बोटांना भ्यायचे. पुढे एका डोळ्यात मोतीबिंदू झाला. त्याच सुमारास गावच्या महिला मंडळानं सरकारी अनुदानावर पाळणाघर काढलं. शेठजींनी त्यासाठी जिनातलं जुनं गोदाम दिलं आणि गोदामाबरोबर दौलतजीही दिले, दारावर बसायला. पोरांचं करायला तुळसाबाई होती. पण दारावर बसणारा माणूस आठ दिवसांत आत आला आणि महिनाभरात मंडळाच्या बायकाच त्यांची परवानगी घेऊन आत यायला लागल्या.

बायका मंडळाच्या असल्या तरी दौलतजी कुणाची भीड ठेवत नसत. अध्यक्षीणबाईंनी भिंतीवर घड्याळ लावलं आणि दूध वेळेवर द्या म्हणून सांगितलं. "पोट्ट्यायले घड्याय समजते का?" दौलतजींनी विचारलं. "थे रडलं का वेळ झाली." घड्याळ चालू राहिलं, पण त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

त्यांना एकही अंगाईगीत येत नव्हतं. दुपारी पोरं किरकिरायला लागली की ते पाळण्यांच्या दोन रांगांच्या मधे मांडी घालून बसत आणि संथ, जड आवाजात बंड्या हाकारत. "सिंदीची बंडी आली... सेलूची बंडी आली... बैल सोडा... वडनेरची बंडी आली..." पाच-सहा गावं झाली की निम्मी पोरं गार. समुद्रपूरच्या पुढे जागं राहिलेलं मूल मी तरी पाहिलं नाही. रविवारी घरी मीही सुमनसाठी हा प्रयोग केला. सुमन टक्क जागी आणि नवरा घोरायला लागला.

असं सगळं छान चाललं होतं. मग वरून कागद आला.

दौलतजींना वाचता येत नव्हतं, म्हणून कागद माझ्याकडे आला. ज्या मुलांच्या आया कामाला जातात त्यांच्यासाठीच अनुदान आहे, तेव्हा प्रत्येक आईचा ती कामावर असल्याचा दाखला जोडावा, श्रावणअखेर तपासणी होईल, आणि यादीबाहेरचं मूल आढळल्यास अनुदान बंद होईल, असा मजकूर होता. पोरांचं दूध आणि तुळसाबाईचा पगार त्या अनुदानातूनच निघायचा.

बहुतेक पोरांच्या आया जिनातच कामाला असायच्या; जिन चालू असतं तर काहीच अडचण नव्हती. मुनीमजींनी एका बैठकीत सगळे दाखले दिले असते. पण पावसाळ्यात जिन बंद. त्याच बाया आता शेतावर तण निंदायला जात होत्या. म्हणजे दाखले कास्तकारांकडून आणायचे. "सदर बाई माझ्या शेतात कामाला येते" अशा चिठ्ठ्या मी एका संध्याकाळी लिहून काढल्या, आणि रविवारी दौलतजी छत्री, शाईची गादी आणि मला घेऊन निघाले. त्यांचा एकच डोळा धड होता, म्हणून मला नेलं.

पहिल्याच पाटलानं चिठ्ठी ऐकली आणि हात मागे बांधून घेतले.

"ना बापा! आज लिवून देऊ का माह्या वावरात काम करते, आन उद्या थे म्हनन वावरच माहं!"

त्या दिवसांत कुळकायद्याची भुणभुण गावोगाव चालू होती. कसेल त्याची जमीन, एवढं सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि निंदणाऱ्या बाईचं नाव कागदावर आलं की शेत गेलंच, अशी हवा होती. कुळ वेगळं आणि रोजानं येणारी बाई वेगळी, हे मी पाटलाला मास्तरकीच्या सगळ्या ताकदीनिशी समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि बैलाला पाणी पाजायला निघून गेला. दुसऱ्यानंही तेच केलं. तिसरा तर आम्हाला पाहूनच तुरीत शिरला.

"आता कसं हो दौलतजी?" मी शेताच्या धुऱ्यावरच बसकण मारली.

दौलतजींनी छत्री मिटली. मग म्हणाले, "आपन माल चुकीच्या बंडीत पाहून राह्यलो बाई. चाला." आणि ते सरळ पाटलाच्या घरी, मागच्या दारानं. पाटलीणबाई गोठ्यातलं शेण काढत होत्या.

"काऊन वो माय, निंदाच्या बाया कामाले कोन सांगते? पाटील का तू?"

"मीच सांगतो. त्यायले कोनती बाई कुठची, हेबी ठावं नाई."

"वावर कोनाच्या नावानं हाय?"

"त्यायच्या. माह्या नावानं कायले राह्यते बापा?"

"मंग लाव अंगठा. तुह्याजवळून कोन काय नेते?"

पाटलीणबाई हात धुता धुता एवढ्या हसल्या की अंगठा जरा फिरला. त्या रविवारी आणि पुढच्या दोन रविवारांत झाडून सगळे दाखले झाले, सगळे बायकांचे. तालुक्यात इतका बिनधोक कागद दुसरा नसेल.

झाडून सगळे म्हटलं, पण एक राहिला होता. रखमीचा. रखमी दीड वर्षाची. तिची आई उन्हाळ्यात तापानं गेली होती. बाप किसन मालधक्क्यावर हमाल, सकाळी पोरगी दारात ठेवून पळायचा. दाखला आईचा हवा होता, आणि आईच नव्हती. मी तीन वेळा हा विषय काढला. तिन्ही वेळा दौलतजी "पाहू" म्हणाले आणि तुळसाबाईला उगाच रागावले.

तपासणीच्या बाई नागपूरहून आल्या. जाड चष्मा, चापूनचोपून नेसलेलं पातळ, कमी बोलणं. दौलतजींची बोटं त्यांच्या अंबाड्याकडे पाहून वळवळताना मी पाहिली, पण त्यांनी स्वतःला आवरलं. बाईंनी एकेक दाखला वाचला, बायकांचे अंगठे पाहून भुवई किंचित उचलली आणि पुढे गेल्या. मग रखमीपाशी थांबल्या.

"हिच्या आईचा दाखला?"

"माय मेली तिची," दौलतजी म्हणाले.

"मग ही नियमात बसत नाही. आई कामावर पाहिजे."

"माय मेली तं पोट्टी काय सुट्टीवर गेली?"

बाईंचा आवाज खाली आला. "मला कळतं हो. पण यादीबाहेरचं मूल ठेवलंत तर बाकीच्यांचंही बंद होईल. ते बघा ना."

किसन दारातच उभा होता. तपासणी म्हणून धक्क्यावर उशिरा जाणार होता. तो आत आला आणि खाली मान घालून म्हणाला, "राहू द्या काका. भांडू नका. मी नेतो तिले संगं. सकाळी उलशीक गोळी देतो, झोपून राहीन थे पोत्यायजवळ."

गोळी म्हणजे अफूची. कामावर जाणारे गरीब आईबाप लेकरांना देतच असत, त्यात लपवण्यासारखं काही आहे असंही कुणी मानत नसे. पाळणाघरामुळेच ते आमच्याकडे कमी झालं होतं.

दौलतजी रखमीजवळ जाऊन बसले.

"मीबी असंच म्हटलंतं," ते म्हणाले. कुणाकडे बघत नव्हते. "बाळंतपनात बायको गेली. पोरगा होता. घरी कोनी नाई, म्हून जिनात घेऊन जावो. सकाळी गोळी द्याची, रुईच्या ढिगावर ठेवाचा. सांजेले उचलाचा. एक दिवस लय बंड्या होत्या. सांजेले उचलाले गेलतो तं..." त्यांनी दोन बोटं एकमेकांवर घासली, हातात काही नसताना. "नाव ठेवाचं होतं त्याचं. सीझन संपला का ठेवू म्हटलं. कुठंच लिवलेला नाई थो, बाई. पैसे नका देऊ पोट्टीचे. दुधाचं मी पाहतो. पन तिचं नाव लिवा."

तीन वर्षं मी या माणसाच्या गमती शाळेत सांगून मैत्रिणींना हसवत होते. तुळसाबाई पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली होती.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग हजेरीबुक माझ्यापुढे सरकवलं.

"लिहा."

मी नाव लिहिलं. रखमी किसन. पुढचा रकाना आला आणि माझा टाक थांबला. बाईंनीच विचारलं, आवाज तपासणीचाच ठेवून.

"आईचं नाव?"

दौलतजींनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. कान लाल झाले होते.

"माहं लिवा."

"आणि काम?"

"हेच."

मी तसंच लिहिलं. बाईंनी ते वाचलं आणि त्याखाली सही केली.