घोट्यावरची तीन अक्षरं

मत द्यायचं नाही असं हार्लन टिस्डेलने ठरवलं, आणि सगळं तिथेच बिघडलं.

खरं तर काहीतरी ठरवणं हीच त्याच्या मानाने मोठी गोष्ट होती. अलाबामातल्या एका लहानशा कॉलेजात त्याने उभी हयात नीतिशास्त्र शिकवलं. योग्य काय आणि अयोग्य काय यावर तो तासन्‌तास बोले. फक्त योग्य कुठलं, ते शेवटपर्यंत ठरत नसे. (विद्यार्थी त्याच्यावर खूश असत. पेपरात काहीही लिहिलं तरी ‘असंही म्हणता येईल’ असा शेरा मारून तो गुण देई.) निवृत्तीनंतर ही सवय सुटेल असं त्याच्या बायकोला वाटलं होतं. ती उलट घरी राहायला आली.

तर एका संध्याकाळी जेवताना तळलेल्या भेंडीची ताटली पुढे सरकवत मेरिली म्हणाली, “मी घोट्यावर गोंदून घ्यायचं म्हणतेय.”

“काय गोंदून?”

“थीटा रो म्यू. दुसरं काय गोंदणार, तुझं नाव?”

थीटा रो म्यू म्हणजे मेरिलीचं कॉलेजातलं भगिनीमंडळ. त्या भागात मुलगी अठराव्या वर्षी अशा मंडळात शिरते. पुढे कॉलेज सुटतं, गाव सुटतं, लग्नात आडनाव सुटतं, पण मंडळाची ती तीन ग्रीक अक्षरं सुटत नाहीत. टिस्डेलांच्या घरात ती मोटारीच्या काचेवर होती, कॉफीच्या मगांवर होती, पायपुसण्यावर होती आणि बागेतल्या एका दगडावरही होती. या महिन्यात जुन्या मुलींचा मेळावा होता. मेरिलीच्या तुकडीतल्या धड हिंडत्याफिरत्या अशा दोघीच उरल्या होत्या, ती आणि समोरच्या घरातली ट्विला. दोघींनी मिळून हे काढलं होतं.

“तुला काय वाटतं?” मेरिलीने विचारलं.

इथे कुठल्याही शहाण्या नवऱ्याने एक तर ‘वा’ म्हटलं असतं, नाही तर ‘वेड लागलंय का’ म्हटलं असतं. दोन्हींतून माणूस जिवंत बाहेर येतो. हार्लन म्हणाला, “एका बाजूने पाहिलं तर...”

“म्हणजे नको.”

“मी नको म्हटलेलं नाही. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर...”

“तुझ्या दोन्ही बाजू मला पाठ आहेत.” तिने काटा खाली ठेवला. “हे बघ, या अंगावर पित्ताशयाचा व्रण आहे, गुडघ्याचा आहे, शेल्बीच्या जन्माचा आहे. त्यातला एकही मला विचारून झालेला नाही. ही एक खूण मी माझ्या मर्जीने करून घेणार.”

हार्लनने नीतिशास्त्र बाजूला ठेवलं. त्याने भेंडी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी अटलांटाहून मुलीचा, शेल्बीचा फोन आला.

“डॅडी, मम्माचं काय चाललंय ते कळलं का तुला?”

“ती विचार करतेय.”

“ती विचार करत नाहीये, ती रंग निवडतेय. चर्चमधले लोक काय म्हणतील? तिच्या घोट्यावर कातडी तरी उरलीय का गोंदायला? तू थांबव तिला.”

“मी कसा थांबवू?”

“तू नवरा आहेस तिचा.”

“हे तिला सांगून पाहिलंस का?”

एवढ्यात मेरिलीने दुसऱ्या खोलीतला फोन उचलला. “शेल्बी, तू शाळेत असताना नाक टोचून आलीस तेव्हा मी काय केलं होतं?”

“महिनाभर घरात कोंडलं होतंस मला.”

“मग तू ती चमकी काढलीस?”

“...नाही.”

“झालं तर. ये आणि मला कोंड.” आणि तिने फोन ठेवला.

दोन बायकांच्या मध्ये सापडलेल्या माणसाला कधीकधी अचानक बुद्धी सुचते. ती सुचली नसती तर बरं झालं असतं. हार्लनला मंडळाचा नियम आठवला.

नियम असा, की अंगावर अक्षरं असतील तर हातात दारूचा ग्लास असता कामा नये. अक्षरांचा स्वेटर घालून बिअर प्यायली तर ती बिअर एकटी मुलगी पीत नाही, सगळं मंडळ पितं, असं त्यांचं शास्त्र. आणि कॉलेजात असताना या शिस्तीची समिती मेरिलीच्याच हातात होती. मुली रडत आत जायच्या आणि जास्त रडत बाहेर यायच्या. खुद्द ट्विलाला एका बिअरच्या बाटलीपायी तिने वसंतातल्या नाचाला मुकवलं होतं. ट्विला त्यानंतर दोनदा विधवा झाली, पण दुःखाचा विषय निघाला की ती आधी तो नाच काढायची.

आता मेरिलीचं सगळं आयुष्य एका ग्लासाभोवती फिरत नव्हतं, पण संध्याकाळ मात्र फिरत होती. ऊन उतरलं की दोघं पुढच्या ओसरीवर बसत, ती एक ग्लास वाइन घेई आणि तो एक. दिवसभर त्यांचं बोलणं गोळ्या, गवत आणि तुंबलेली पन्हळ यांवर चाले. ग्लास हातात आला की मेरिली पाद्रीबुवांची नक्कल करी, चर्चच्या गायकवृंदातल्या बायकांची भांडणं रंगवून सांगी, आणि हार्लन डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसे. हा एक तास मिळावा म्हणून उरलेला दिवस काढायला त्याची तयारी होती. मेरिली हा तास सोडणार नाही, अशी त्याची खात्री होती.

“मेरिली,” तो त्या संध्याकाळी ओसरीवर म्हणाला, “अक्षरं जर कायमची अंगावर असली, तर मग ग्लास कायमचा...”

तो मुद्दाम वाक्य अर्धं सोडून थांबला. (वर्गात हा त्याचा हातखंडा होता.)

मेरिलीने ग्लासाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. मग ती उठली, आत गेली, आणि स्वयंपाकघरातून मोरीत बाटली रिकामी होत असल्याचा आवाज आला.

“नियम तो नियम,” ती दारात येऊन म्हणाली. “आठवण केलीस ते बरं झालं. आजपासूनच सवय करते.”

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

पुढचे दिवस वाईट गेले. मेरिली बर्फ घातलेला गोड चहा घेऊन ओसरीवर येई, दोन घोटांत संपवी आणि खण आवरायला आत निघून जाई. पाद्रीबुवांची नक्कल नाही, गायकवृंद नाही. हार्लन आपला ग्लास घेऊन एकटाच डासांमध्ये बसे. एकट्याने प्यायलेली वाइन ही औषधासारखी लागते हा सिद्धान्त त्याला तेव्हा सुचला, पण ऐकायला कुणी नव्हतं.

शेवटी तो समोरच्या घरी गेला. ट्विला पाण्याची नळी घेऊन पन्हळ धूत होती.

“ये प्रोफेसर. ऐकलं मी. बाटली ओतली म्हणे.”

“ट्विला, तू तिला समजाव.”

“मी? मला नाचाला जाऊ दिलं नाही तिने. आता बसू दे चहा पीत.”

“अगं, मलाही बसावं लागतंय.”

ट्विलाने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि नळी बंद केली. “आम्ही काय करायचो ठाऊक आहे? प्यायच्या आधी स्वेटर उलटा घालायचो. अक्षरं आत. नियम मोडला नाही आणि बिअरही गेली पोटात.”

“कातडी उलटी करता येत नाही, ट्विला.”

“मोजा घालता येतो ना पण. एवढी पुस्तकं वाचलीस आणि मोजा सुचला नाही तुला?”

हार्लन जवळजवळ धावतच रस्ता ओलांडून आला. मेरिली चमच्यांचा खण आवरत होती.

“मोजा,” तो धापा टाकत म्हणाला. “संध्याकाळी मोजा घालायचा. अक्षरं झाकली की नियम लागू नाही. तू खुशाल गोंदून घे. मला तर कल्पना फार आवडली आहे.”

चमचे थांबले. “तू हो म्हणतोयस?”

“हो.”

“दुसरी बाजू न सांगता?”

“दुसरी बाजूच नाही.”

मेरिली खुर्चीवर बसली आणि तिचा चेहरा उतरला. “मग मला पुन्हा विचार करायला हवा.”

“का?”

“ज्याला तूसुद्धा हो म्हणतोस ते फारच मिळमिळीत असणार. मेळाव्यात काय सांगू मी? नवऱ्याने परवानगी दिली म्हणून गोंदलं? जन्मभर मी नियम पाळले आणि दुसऱ्यांकडून पाळून घेतले. एकदा, फक्त एकदा, आपल्या पायाकडे बघून आपण वाह्यात आहोत असं मला वाटायला हवं होतं. तू त्यातली हवाच काढलीस.”

हार्लनची ती रात्र तळमळण्यात गेली. वाइन तर गेलीच होती, आता अक्षरंही हातची जाणार होती, आणि ती त्याच्यामुळे गेली हे मेरिली त्याला मरेपर्यंत ऐकवणार होती, तेही चहा पीत. सकाळी त्याने गॅरेजमध्ये जाऊन गवत कापायच्या यंत्रासमोर उभं राहून सराव केला. मग घरात येऊन, आयुष्यात पहिल्यांदा, त्याने टेबलावर हात आपटला. (जरा हळूच. टेबल तिच्या आईचं होतं.)

“मेरिली, हे गोंदणं वगैरे माझ्या घरात चालणार नाही.”

मेरिलीने चष्मा काढला. “काय म्हणालास?”

“चालणार... नाही.”

“बंदी घालतोयस तू मला?”

“नाही म्हणजे नाही,” हार्लन म्हणाला, आणि आपल्याच आवाजाने दचकला.

तिच्या डोळ्यांत चमक आली, ती त्याने कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. तिने पर्स उचलली, ट्विलाला फोन करून “निघ” एवढंच सांगितलं, आणि दाराशी वळून म्हणाली, “किल्ली घे. माझ्या गुडघ्याने ब्रेक दाबवत नाही.”

बंदी घालणाऱ्यानेच गाडी चालवत नेली असा हा प्रसंग गावात पहिलाच असावा.

दुकानातली गोंदणारी मुलगी विशीतली होती. तिच्या दंडावर एक भलामोठा मासा होता आणि ती बोलली की तो हले. “या मिसेस टिस्डेल,” ती म्हणाली. “अगदी वेळेवर आलात. गेल्या महिन्यात वेळ ठरवून ठेवणारे बहुतेक लोक ऐन दिवशी येतच नाहीत.”

“गेल्या महिन्यात?” हार्लन म्हणाला. भेंडी तर या महिन्यातली होती. “म्हणजे मला विचारण्याआधीच?”

“मत विचारलं होतं तुला,” मेरिली म्हणाली. “परवानगी कुणी मागितली होती?”

“आणि ते पुन्हा विचार करायला हवा, ते?”

“तू नाही म्हणू शकतोस का, ते बघायचं होतं,” ती म्हणाली. “छान म्हणालास. टेबल जरा जोरात आपटायचं.”

ट्विला एवढी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली.

मग गोंदणाऱ्या मुलीने अक्षरांचा जांभळा छाप काढला. गोंदायच्या आधी तो कातडीवर उमटवतात आणि त्यावरून सुई फिरवतात. पण मेरिलीला वाकून आपला घोटा नीट दिसेना. छाप केवढा दिसेल, लांबून कसा दिसेल, हे बघितल्याशिवाय ती सुई लावू देईना.

“असं कर,” ती म्हणाली, “आधी याच्या घोट्यावर उमटव. मी उभी राहून बघते.”

“एका बाजूने पाहिलं तर...” हार्लन म्हणाला, तोवर ट्विलाने त्याची पँट वर सरकवली होती. मुलीने त्याच्या घोट्यावरचे केस वस्तऱ्याने काढले, छाप दाबला आणि कागद सोलून घेतला. थीटा रो म्यू. त्याला दुकानात इकडून तिकडे चालायला लावलं. मेरिलीने डोकं तिरकं करून पाहिलं आणि म्हणाली, “थोडं मोठं हवं.”

तिच्या स्वतःच्या पायाला सुई लागली तेव्हा हार्लनने खिडकीबाहेर पाहिलं. मेरिली मात्र एकदाही हलली नाही. झाल्यावर मुलीने आरसा खाली धरला. मेरिली बराच वेळ त्यात पाहत राहिली.

“कशी दिसतेय?” मेरिलीने विचारलं.

“वाया गेलेली,” ट्विला म्हणाली, आणि पुढच्या खुर्चीत स्वतः जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरलं तेव्हा तिघं ओसरीवर जमले. हार्लनने नवी बाटली आणली होती. दोघी मैत्रिणींनी गंभीरपणे घोट्यांवर पांढरे मोजे चढवले आणि मेरिलीने पाद्रीबुवांच्या आवाजात त्यांना आशीर्वाद दिला. हार्लनला इतकं बरं वाटलं, की त्याने पाय लांब केले आणि ग्लासाकडे हात नेला.

“हे काय?” ट्विला म्हणाली.

उकाड्यामुळे त्याने अर्धी चड्डी घातली होती. घोट्यावर थीटा रो म्यू जांभळं ठसठशीत दिसत होतं. सकाळपासून त्याने ते साबणाने, लिंबाने आणि शेवटी भांड्यांच्या घासणीने घासलं होतं. कातडी लाल झाली, अक्षरं तशीच होती.

मेरिलीने ग्लास त्याच्या हाताखालून उचलून घेतला. शिस्त समितीचा चेहरा इतक्या वर्षांनंतर जसाच्या तसा परत आला.

“अक्षरं अंगावर आणि हातात दारू,” ती म्हणाली.

“मीही मोजा घालतो.”

“मोजा सभासदांसाठी. बाहेरच्या माणसाने अक्षरं अंगावर चढवायचीच नसतात. आणि पुरुषाने तर...” तिने ट्विलाकडे पाहिलं. “असं कधी झालंच नव्हतं ना?”

“कधीच नाही,” ट्विला समाधानाने म्हणाली.

“मी चढवली नाहीत,” हार्लन म्हणाला. “तुम्ही चढवलीत.”

“समितीपुढे सगळ्या मुली हेच सांगायच्या. छाप जाईपर्यंत चहा.”

तेव्हा हार्लन उठून उभा राहिला. टेबलावर हात आपटायची कला त्याला नुकतीच अवगत झाली होती, आणि या वेळी त्याने ती पुरेशा जोराने वापरली. “मला हा निर्णय मान्य नाही. मी दाद मागणार. या सगळ्याच्या वर कुणीतरी असेल ना?”

“आहे की,” मेरिली म्हणाली. “जुन्या मुलींच्या शाखेच्या अध्यक्षांकडे अर्ज कर.”

“करतो. कोण आहे अध्यक्ष?”

ट्विलाने हातातल्या ग्लासासकट हात वर केला.

अर्ज फेटाळला गेला तेव्हा हार्लनच्या चहातला बर्फसुद्धा अजून विरघळला नव्हता.