सभासदांची पत्रे खुली जाहली आणि छोट्या सरकारांचे नाव झाकले राहिले, त्याची हकिकत

पाळण्यातील दैवतास नमन करून लिहिण्यास आरंभ केला. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु संवत्सर, मार्गशीर्षमास. त्याआधी आमच्या सासूबाई अक्का बोलिल्या होत्या, "सूनबाई, लेकराचं दुखणं नावानिशी दरबारी लिहू नकोस. कागदाला पाय फुटतात गं." आम्ही कॉलेज शिकलेल्या, हसण्यावारी नेले, आणि कन्येस (नाव आता लिहीत नाही, शहाणपण आले) ऐकू कमी येते, तालुक्याच्या दवाखान्यात कान तपासण्याचे यंत्र नाही, ऐसे आमचे विधानसभेतील सभासद मार्तंडराव उगले यांस लिहिले. मग राज्यात ठराव जाहला की सभासदांनी आपसांत धाडिलेली पत्रे संकेतस्थळावर खुली करावी, आणि रयतेने शब्द घालावा, पत्र हजर व्हावे. मग जो तो आधी आपलेच नाव शोधू लागला. एका सभासदांनी दुसऱ्यांस लिहिले होते, "आपले भाषण ऐकता डोळा लागला." उत्तर होते, "लागला कसला, घोरत होतात. मी पुढचं विसरलो." राज्य पोट धरून हसले. आम्हांस हसू येईना. मार्तंडरावांनी आमचे गाऱ्हाणे पुढे लिहिताना कन्येचे नावही लिहिले असेल तर? पोर मोठी होईल, शाळेत, सोयरिकीत कोणीही नाव घालील आणि दुखणे पुढे येईल, ऐसे भय. "म्हटलं नव्हतं?" अक्का बोलिल्या, आणि जवळ येऊन बसल्या. मग कन्येचे नाव घातले. काहीच निघेना. मग "कान" घातले, तो मार्तंडरावांची पत्रे निघाली: "आमच्या छोट्या सरकारांस ऐकू कमी येते, यंत्र द्यावे." आरोग्याचे काम पाहणारे सभासद पुसते जाहले, "हे सरकार कोण? नाव कळवा." मार्तंडरावांनी लिहिले, "नाव मला ठाऊक आहे, तेवढं पुरे. पोरीला मोठं व्हायचंय. यंत्र तालुक्याच्या साऱ्या पोरांसाठी मागतो." आणि यंत्र मंजूर जाहले, आणि अक्कांनी पदर डोळ्यांस लाविला. मग मार्तंडरावांच्या त्याच पत्राच्या शेवटी वाचिले: "आमची ही गेल्यापासून घास उतरत नाही. डबा तसाच परत जातो. सभेत बोलू नका."

सारांश, ज्यांनी पोरीचे नाव राखिले त्यांचे उपास अवघ्या राज्यास वाचावयास मोकळे जाहले, आणि जो तो आपलेच नाव शोधितो, म्हणोन कोणी वाचिले नाही. आम्ही दूरच्या तालुक्यात, उद्या पोरीचे कान तपासणे आहे. मार्तंडरावांच्या राजधानीतील बिऱ्हाडाजवळ जो कोणी राहत असेल त्याने कृपा करून दार वाजवावे, आणि "जेवलात का?" पुसावे. ते हो म्हणतील. डबा उघडून पाहावा.